कुंडीतला वाफसा

मृगाचा पाऊस झाला म्हणून शेतकरी दुसऱ्या दिवशी पेरायला निघत नाही. तो रानात जाऊन मूठभर माती उचलतो, दाबून बघतो. गोळा बसला, पण तळहाताला चिखल लागला नाही आणि बोटाने टोचल्यावर गोळा भुसभुशीत फुटला, की म्हणतो, ‘वाफसा आला.’ जमिनीत ओलही आहे आणि हवाही आहे, या अवस्थेला मराठीत इतका नेमका शब्द आहे. गच्चीवर आणि गॅलरीत भाजी लावणाऱ्या आम्हा शहरी मंडळींच्या बोलण्यात मात्र तो क्वचितच ऐकू येतो. आमच्या तोंडी बाटल्यांची नावं असतात: निमतेल, ह्युमिक, सीवीड, जीवामृत. टोमॅटोचं पान पिवळं पडलं की पहिला प्रश्न एकच, ‘काय फवारू?’

बरीच वर्षं कुंड्यांमध्ये मिरची, वांगी, पालक आणि अधूनमधून हट्टाने फ्लॉवर लावून, अनेक रोपं प्रेमाने मारून आणि थोडी जगवून माझं जे मत झालं आहे ते आधीच सांगून टाकतो. कुंडीतल्या भाजीची बहुतेक दुखणी मुळांपाशी सुरू होतात आणि पानांवर उशिरा दिसतात. मुळं गुदमरलेली असली तर वरून काहीही शिंपडा, उपयोग होत नाही. मुळं खुशीत असतील तर मावा येतो, चार दिवस राहतो आणि रोप त्यातून निभावून नेतं.

गंमत म्हणजे महाराष्ट्रात या छंदाची सुरुवात ज्यांनी करून दिली त्यांना हे पक्कं ठाऊक होतं. कोल्हापूरचे प्रा. श्री. अ. दाभोळकर गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या प्रयोग परिवाराने द्राक्ष बागायतदारांना जशी प्रयोगाची गोडी लावली, तसाच शहरातल्या चार चौरस फुटांतही पीक घेता येतं हा विचार रुजवला. मुंबईत वांद्र्याला डॉ. आर. टी. दोशी यांनी गच्चीवर पिंपांत, जुन्या टायरांत आणि प्लास्टिकच्या पिशव्यांत भाज्या आणि फळझाडं वाढवून दाखवली. त्यांचं मुख्य साहित्य होतं रसवंतीतलं उसाचं चिपाड, खत आणि थोडीशी माती. पुढे मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. या सगळ्यांत समान धागा कोणता, तर भरपूर पालापाचोळा आणि नावाला माती. आज मात्र या मंडळींची नावं घेत घेत आपण रोपवाटिकेतून लाल मातीची पोती आणतो आणि प्लास्टिकच्या कुंडीत ठासून भरतो.

जमिनीतली उत्तम माती कुंडीत वाईट का ठरते, हे कळायला स्वयंपाकघरातला भांडी घासायचा स्पंज पुरतो. तो पाण्यात पूर्ण बुडवून तळहातावर आडवा धरा. थोडं पाणी ठिबकेल आणि थांबेल. आता तोच स्पंज न दाबता उभा करा, पुन्हा पाणी ठिबकू लागेल. स्पंज तोच आणि पाणीही तेच, फक्त उंची वाढली. कुंडीत अगदी हेच होतं. पाणी घातल्यावर जास्तीचं पाणी भोकातून निघून जातं, पण तळाशी एक थर कायम पाण्याने भरलेला राहतो. मातीच्या बारीक छिद्रांची पकड आणि पृथ्वीची ओढ यांची जिथे बरोबरी होते, तिथपर्यंत तो थर असतो. माती जितकी बारीक तितका हा थर जाड. शेतात खाली वीतच्या वीत माती असल्याने पाणी आणखी खाली खेचलं जातं, कुंडीला मात्र तळ असतो. म्हणून चार इंच खोल ट्रेमध्ये चिकण माती भरली तर जवळपास सगळी मुळं चिखलात उभी राहतात, आणि तीच माती फूटभर खोल कुंडीत असेल तर निदान वरच्या भागात तरी वाफसा मिळतो.

याच कारणाने कुंडीच्या तळाशी विटांचे तुकडे आणि खडी घालायची आपली पिढीजात पद्धत फारशी उपयोगाची नाही. बारीक माती खालच्या भरड थरात पाणी सहजासहजी सोडत नाही. ओला थर तिथेच राहतो, फक्त खडीच्या वर सरकतो आणि मुळांना जागा कमी पडते. माझ्या आईने आयुष्यभर कुंडीत खापरं घातली आणि तिच्या कुंड्यांत मोगरा फुलला, हे मी नाकारत नाही. पण त्या कुंड्या मातीच्या होत्या, चहूबाजूंनी श्वास घेणाऱ्या. मोगऱ्याला ते चाललं. टोमॅटोला आणि मिरचीला खापरांची गरज नाही. भोकावर एक खापर किंवा जाळीचा तुकडा ठेवा, म्हणजे माती वाहून जाणार नाही. बाकी जागा मुळांना द्या.

मग भरायचं काय? देशावरची काळी माती कुंडीसाठी सर्वांत अवघड. ती भिजली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते. कुंडीत ती आकसली की कडेने फट पडते, आपण घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं, आणि आपण समाधानाने झारी ठेवून देतो. आतला गोळा कोरडाच राहतो. लाल माती किंवा पोयटा बरा, पण एकटा नव्हे. माझ्याकडे टिकलेलं मिश्रण असं: एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि एक भाग काहीतरी भरड. भरड म्हणजे कोकोपीट, वाळलेला पाला, चिपाड, भाताची तुसं, जे ज्या गावात स्वस्त मिळेल ते. कोकणात नारळाचं सोडण आहेच. कोकोपीट मात्र आधी दोन-तीनदा धुऊन घ्यावं. नारळाचा काथ्या खाऱ्या पाण्यात कुजवलेला असला तर त्यात मीठ उतरलेलं असतं, आणि ते रोपाच्या मुळावर उठतं. शेणखत ओलं किंवा अर्धं कच्चं असलं तर ते कुंडीतच कुजायला लागतं. त्या कामाला लागणारं नत्र जिवाणू मुळांच्या तोंडचं पळवतात आणि वर उष्णता होते ती वेगळीच. शेणखताला वास येत असेल तर ते अजून खत झालेलं नाही, एवढी एक खूण पुरे.

हलकं मिश्रण वापरण्याचं आणखी एक कारण आहे आणि ते झाडाचं नाही, इमारतीचं आहे. एक घनमीटर ओल्या मातीचं वजन दीड टनाच्या वर जातं. सरसकट फूटभर जाडीचे वाफे केले तर चौरस मीटरमागे पाचशे किलोंच्या आसपास बोजा होतो. माणसांच्या वावराच्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला बोजा आहे चौरस मीटरला सुमारे दीडशे किलो. गच्चीवर वाफे बांधण्याआधी इमारतीच्या अभियंत्याला विचारा. कुंड्या भिंतींच्या आणि तुळयांच्या रेषेत ठेवा, खाली दोन विटा सारा म्हणजे पाणी साचणार नाही. सोसायटीच्या बैठकीत गच्चीवरच्या बागेवरून जे महाभारत होतं, त्यातलं निम्मं गळतीवरून असतं आणि पुष्कळदा तक्रार करणाऱ्याचं बरोबर असतं.

पाण्याच्या बाबतीत रोज सकाळी एक तांब्या हा नियम सर्वांत घातक, कारण नियम माणसाच्या सवयीचा असतो, झाडाच्या गरजेचा नसतो. बोटाची दोन पेरं मातीत घालून बघायची, ओल लागली तर पाणी नाही. लहान कुंडी उचलून बघितली तरी वजनावरून कळतं. पाणी द्यायचं तेव्हा मात्र भोकातून बाहेर येईपर्यंत द्यावं, म्हणजे साठलेले क्षारही धुऊन जातात. बोअरवेलचं पाणी असेल तर कुंडीच्या काठावर पांढरी पापुद्र्यासारखी कड येते. ती दिसली की एकदा भरपूर गोडं पाणी, पावसाचं असेल तर उत्तम, आरपार जाऊ द्यावं. मे महिन्यात वीस लिटरच्या डब्यातलं फळावर आलेलं टोमॅटोचं झाड दिवसाला दीड-दोन लिटर पाणी सहज ओढतं, आणि जुलैत त्याच झाडाला आठवडाभर झारी दाखवली नाही तरी चालतं. दुपारी रोप माना टाकतं म्हणून घाबरू नये. संध्याकाळी ते सावरलं तर पाणी नको. सकाळीही मलूल दिसलं तर मात्र मुख्यतः दोन शक्यता: माती कोरडीठाक आहे, किंवा मुळं सडली आहेत. वरून दोन्ही सारखीच दिसतात, आणि दुसऱ्या प्रकारात पाणी घालणं म्हणजे बुडत्याला पाणी पाजणं.

मुळांच्या उष्णतेचा विचार आपल्याकडे कमी होतो. काळ्या प्लास्टिकची पिशवी नागपूर-जळगावच्या एप्रिलमध्ये गच्चीच्या फरशीवर ठेवली तर आतली माती हात भाजावा इतकी तापते. मातीची कुंडी माठासारखी पाझरते, म्हणून थंड राहते. ती लवकर सुकते, हा तिचा दोष आणि तोच तिचा गुण. प्लास्टिक वापरायचंच तर रंग पांढरा घ्या, कुंड्या एकमेकींना खेटून ठेवा, वर पाचटाचं किंवा पाल्याचं आच्छादन द्या, आणि एप्रिल-मेमध्ये पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधा.

ऊन किती, हा प्रश्न गॅलरीवाल्यांचा. फळभाज्यांना थेट सहा तास हवेत, पालेभाज्या तीन-चार तासांवर भागवतात. पण गॅलरीचं ऊन वर्षभर एकसारखं नसतं. मुंबई-पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, आणि तेव्हापासून जुलैच्या अखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे झुकतो आणि दक्षिणेच्या गॅलरीत पार आतपर्यंत ऊन देतो. म्हणजे दक्षिणेची गॅलरी ही हिवाळी भाज्यांची जागा. दसऱ्याच्या सुमारास टोमॅटो, मेथी, पालक, मुळा लावावा तो तिथे. उन्हाळ्यात त्याच गॅलरीवर वरच्या मजल्याचा स्लॅब सावली धरतो. मग तिथे टोमॅटोला फूल लागत नाही म्हणून औषधं शोधण्यात अर्थ नाही. तसंही दिवसाचं तापमान पस्तिशीच्या वर आणि रात्रही उकाड्याची असली की टोमॅटोची फुलं गळतातच. उन्हाळा भेंडी, गवार आणि चवळीचा. ऋतूविरुद्ध लावलेलं रोप आजारीच असतं, त्याला रोगाचं नाव द्यायची घाई करू नये.

खताच्या बाबतीत दोन पंथ आहेत आणि दोन्ही एकमेकांना पाखंडी समजतात. सुभाष पाळेकर यांचं जीवामृत, म्हणजे दोनशे लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती, हे शेतकऱ्याचं माप. गच्चीवर त्याचा विसावा हिस्साही पुष्कळ होतो, आणि ते ढवळताना शेजाऱ्यांशी संबंध कसे राहतील याची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी. जीवामृत हे मुख्यतः जिवाणूंचं विरजण आहे. त्यात अन्नद्रव्यं थोडी असतात. मिश्रणात सेंद्रिय पदार्थ भरपूर असतील तर विरजणाला दूध मिळतं. नुसत्या लाल मातीत ते घालणं म्हणजे रिकाम्या पातेल्याला विरजण लावणं. दुसरीकडे १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला दोन ग्रॅम घातलं म्हणून झाड विषारी होत नाही. मुळं नत्र घेतात ते बहुतांशी नायट्रेट किंवा अमोनियमच्या रूपात, मग ते शेणातून आलेलं असो की पुडीतून. पण पुडीचं खत जास्त झालं तर पानं लुसलुशीत होतात आणि माव्याला निमंत्रण जातं. मी दोन्ही वापरतो. पायाला कंपोस्ट, दर पंधरवड्याला कुंडीमागे दोन मुठी गांडूळखत आणि थोडी निंबोळी पेंड, आणि फळं धरताना एखाद-दोन वेळा पुडी. कुंडीतून प्रत्येक पाण्याबरोबर अन्न वाहून जातं, त्यामुळे ‘एकदा खत घातलंय की’ हे वाक्य इथे लागू पडत नाही.

केळ्याच्या सालीचं पाणी आणि अंड्याच्या टरफलांची पूड यांच्याविषयी माझं मत थंड आहे. सालीत पालाश असतं, पण ते साल कुजल्यावर मिळतं. साली कंपोस्टमध्ये टाकाव्यात. टरफलातलं कॅल्शियम विरघळायला महिनोन्महिने लागतात. टोमॅटोच्या बुडाशी काळा खोलगट डाग पडतो तो कॅल्शियमच्या कमतरतेनेच, हे खरं. पण कुंडीत बहुधा कॅल्शियम असतं. कधी कोरडं, कधी चिंब अशा पाण्यामुळे ते फळापर्यंत पोचत नाही. पाणी नियमित करा, पुढची फळं स्वच्छ येतात.

पान वाचायला शिकलं तर पुष्कळ पैसे वाचतात. जुनी, खालची पानं सरसकट पिवळी पडली तर नत्राची भूक. खालच्याच पानांच्या कडा करपल्या तर पालाश कमी. खालच्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसला तर मॅग्नेशियम, आणि तेव्हाच काय ते एप्सम सॉल्ट. नेमकं हेच चित्र कोवळ्या, वरच्या पानांवर असेल तर लोह. पण लोह मातीत नसतं असं नव्हे. बोअरच्या जड पाण्याने माती चुनखडीकडे झुकलेली असते आणि मुळांना लोह उचलता येत नाही. म्हणजे पुन्हा मुळांपाशीच आलो.

आता किडींकडे. मिरचीची पानं आकसली की सगळे ‘बोकड्या’ म्हणतात आणि एकच औषध मारतात. जरा थांबून बघावं. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडीसारखं पान झालं असेल तर ते फुलकिडे. कडा खाली वळून होडी उपडी झाली असेल तर कोळी. फुलकिडे हा कीटक आहे, त्याला निळे चिकट सापळे आणि निंबोळी अर्क. कोळी कीटक नव्हेच, त्याला पाण्यात मिसळणारं गंधक, तेही कडक उन्हात नव्हे, नाहीतर पानं भाजतात. पांढरी माशी आणि मावा पिवळ्या सापळ्याला फसतात. टोमॅटोचा चुरडा-मुरडा पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूचा असेल तर त्याला औषध नाही. रोप उपटून पिशवीत बांधून टाकावं. हे जिवावर येतं, मला आजही येतं.

मावा आणि पिठ्या ढेकूण यांच्या बाबतीत मुंग्यांकडे लक्ष द्या. हे किडे गोड चिकटा सोडतात, मुंग्या तो चाटतात आणि मोबदल्यात त्यांचं रक्षण करतात. त्याच चिकट्यावर पुढे काळी काजळी धरते. मुंग्यांची वाट अडवली की ढालकिडे आणि इतर मित्रकीटक आपलं काम करू शकतात. ते किती मोठं काम करतात याचं एक उदाहरण बघा. २००८ मध्ये कोइमतूरला पपईवरचा परदेशी पिठ्या ढेकूण दिसला आणि दोन वर्षांत तो महाराष्ट्रातल्या बागांपर्यंत पसरला. शेतकऱ्यांनी फवाऱ्यामागून फवारे मारले. अखेर २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून त्याचे परोपजीवी आणून सोडले गेले. टाचणीच्या टोकाएवढे हे कीटक ढेकणाच्या अंगात अंडी घालतात, आणि त्यांनी तो प्रश्न आटोक्यात आणला. गॅलरीत कडक कीटकनाशक फवारणारा माणूस आधी असल्या मदतनिसांनाच मारतो. चार-पाच कुंड्यांच्या मालकाला जुना टूथब्रश, नळाच्या पाण्याचा जोरदार फवारा आणि लिटरला पाच मिलि सौम्य द्रवसाबण एवढी शस्त्रं पुरतात. आधी एका पानावर करून बघावं, आणि फवारा नेहमी संध्याकाळी, पानाच्या खालच्या बाजूने. वांग्याचा शेंडा एकाएकी मान टाकून बसला तर आत अळी आहे. शेंडा इंचभर खालून कापून नष्ट करा, फळं वाचतील.

कुंडी उपसताना पांढरी, सी-आकाराची जाडजूड अळी निघते आणि घरात आरडाओरड होते. ती हुमणी असेलच असं नाही. तिला फरशीवर सोडा. पाठीवर उताणी होऊन सरकू लागली, तर ती कुजका पाला खाणाऱ्या भुंग्याची अळी, तिला कंपोस्टच्या डब्यात सोडा. कुशीवर पडून पायांनी धडपडू लागली तर मात्र हुमणीचा संशय घ्या, ती मुळं खाते.

रोगांपैकी भुरी हा हिवाळ्याचा. दिवस कोरडे, रात्री गार, आणि काकडी-भोपळ्याच्या पानांवर पिठूळ डाग. पाण्यात एक दशांश दूध मिसळून फवारण्याचा उपाय घरगुती वाटतो, पण ब्राझीलमध्ये हरितगृहातल्या झुकिनीवर तो तपासला गेला आणि १९९९ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठवड्यातून एकदा फवारलेलं दूध बुरशीनाशकाच्या तोडीस उतरलं. पावसाळ्यात करपा आणि केवडा येतो, तिथे दूध नव्हे, मोकळी हवा हवी. खालची पानं काढून टाका, मातीचे शिंतोडे पानांवर उडू देऊ नका. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडण्याचा रोग, आपला हळद्या, विषाणूचा आहे आणि त्यावर खरा उपाय बियाण्यातच आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी क्रांती’ ही जात त्यासाठीच काढली. टोमॅटोत बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेचं ‘अर्का रक्षक’ हे संकरित वाण पर्णगुच्छ विषाणू, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तिन्हींना तोंड देतं. पाकिटावरचं चित्र बघून बी घेणाऱ्यांनी मागची बाजूही वाचावी.

राहिली जुनी माती. टोमॅटो, वांगं, मिरची ही एकाच घरातली भावंडं. त्याच कुंडीत लागोपाठ लावली की मर आणि सूत्रकृमी मुक्कामाला राहतात. उपटलेल्या मुळांवर गाठी दिसल्या तर ते सूत्रकृमी. (चवळी-वालाच्या मुळांवरच्या सहज निघणाऱ्या गाठी मात्र उपकारक जिवाणूंच्या, त्यांना हात लावू नका.) अशा मातीत पुढचा हंगाम झेंडू लावावा, त्याच्या मुळांतून सूत्रकृमींना मारक द्रव्य पाझरतं. आणि मेमध्ये जुनी माती ओलसर करून गच्चीवर पातळ पसरावी, वर पारदर्शक प्लास्टिक घट्ट अंथरून महिनाभर तापू द्यावी. फुकटात मिळणारं हे औषध मराठवाडा-विदर्भात तर कमालीचं लागू पडतं. नंतर त्यात कंपोस्ट आणि ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी मिसळली की माती पुन्हा नांदती होते.

तुमच्या गॅलरीत आत्ता एखादं रोप कुढत असेल तर आज काहीही फवारू नका. संध्याकाळी वर्तमानपत्र अंथरा, कुंडी आडवी करून रोप मातीसकट अलगद बाहेर काढा आणि मुळं बघा. पांढरी, कोवळी दिसली तर परत लावून चार दिवस वाट पाहा. तपकिरी, बुळबुळीत आणि आंबूस वासाची असली, तर बाटली नको, नवीन मिश्रण घ्या.